फळ्यावरचं साळिंदर

साहेब, तुम्ही माझ्या बापाला खोटं ठरवलंत. तेही तुमच्या अभयारण्याच्या भरल्या छावणीत, आइस्क्रीम चाटणाऱ्या परक्या पोरांसमोर. आता तुम्ही म्हणजे तुम्ही स्वतः नव्हे, हे मला कळतं. तुम्ही असाल कुठल्यातरी गार खोलीत, भिंतीवरच्या रेड्याच्या शिंगांखाली. ठरवलं ते तुमच्या हिरव्या शर्टातल्या माणसाने. पण शर्ट तुमचा, फळा तुमचा, नियमांचं पुस्तक तुमचं, तेव्हा माझं भांडण तुमच्याशीच. पहिल्यापासून सांगतो. मधे बोलू नका. तुमच्या फाटकावर तुमची माणसं बोलत होती आणि मी ऐकत होतो. आता उलट.

आमच्या घराचं देवक साळिंदर. आम्ही नोको म्हणतो. मी पोलोक्वानेत टायरचं दुकान सांभाळतो, पण रस्त्यात कुणी जुना माणूस भेटला तर तो मला ‘मालेसेला’ म्हणत नाही, ‘काय नोको, बरं आहे ना?’ म्हणतो. मला त्याची कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी म्हणून झटणारा माणूस वेगळा आहे. तो माझा मेहुणा, मातोमे. त्यांच्या घरचं देवक सिंह. एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस जन्मभर जगणार आहे. आमच्या लग्नात जेवणाच्या मंडपात उभा राहून म्हणाला, “दाजी, आमच्यात गर्जना करतात. तुमच्यात काय करतात? पाठ फिरवतात!” सगळे हसले. माझी बायको मोखादीसुद्धा हसली. नंतर म्हणाली, हसले नाही, शिंक आली.

तर माझे वडील, पापा, आमच्याजवळ राहतात. त्यांचा एक डोळा गेला आहे आणि दुसऱ्यात धुकं आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे धुकं वाढत जाणार, पुढच्या हिवाळ्यापर्यंत जे काही बघण्यासारखं असेल ते बघून घ्या. पापांनी यावर बरेच दिवस विचार केला. मग एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की त्यांना समुद्र बघायचा नाही, केप टाउन बघायचं नाही. त्यांना हुनादीला नोको दाखवायचा आहे. स्वतःच्या बोटाने.

हुनादी आमची मुलगी. तेव्हा नऊ महिन्यांची.

मी म्हणालो, “पापा, प्रिटोरियाला प्राणिसंग्रहालय आहे. एका दिवसात जाऊन येऊ.”

पापा म्हणाले, “पोरीला पहिल्यांदा नातेवाईक दाखवायचे, ते तुरुंगात नेऊन?”

यावर कुणाजवळ उत्तर असेल तर मला कळवा.

मातोमेला बातमी लागलीच. तो हुनादीचा मामा, आमच्यात मामाला विचारल्याशिवाय भाचीचे केससुद्धा कापत नाहीत. तो म्हणाला, “न्या, न्या. माझी भाची सिंह बघून येईल. साळिंदर कसलं दाखवताय, दाजी? दिवसभर झोपतं ते. सरकारी नोकरीत आहे जणू.”

मग शेजार. आमच्या डाव्या बाजूला ऊम फान राहतात. ऊम म्हणजे काका. रेल्वेतून निवृत्त झालेले गोरे गृहस्थ, हिवाळ्यातही अर्धी खाकी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे. ऊम फान सहा वर्षांचे असल्यापासून तुमच्या जंगलात जातात. माझे पापा सहा वर्षांचे होते तेव्हा आमच्यातल्या माणसाला त्या जंगलात फक्त पाहुण्यांचे बिछाने घालायला जाता येत होतं. या विषयावर दोघे म्हातारे बोलत नाहीत. ते टोमॅटोवर बोलतात. पण आम्ही जाणार म्हटल्यावर ऊम फान यांना असा चेव आला की जणू तेच आम्हाला जंगल बक्षीस देत होते. आपली शीतपेटी आणली, आपली दुर्बीण आणली, आणि निघायच्या सकाळी कुंपणावरून उडी मारून (म्हणजे फाटकातून येऊन, त्यांचा गुडघा बदललेला आहे) आमच्या सामानाची झडती घेतली.

“गुलाबी पांघरूण? चालणार नाही. पिवळी बादली? काढ. प्राण्यांना रंग दिसतात आणि आवाज ऐकू येतात, मालेसेला. जंगलात खाकी आणि शांतता, दोनच गोष्टी.” असं म्हणत त्यांनी हुनादीची निम्मी मालमत्ता एका पिशवीत भरून आपल्या घरी नेली. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिचा अभिमान वाटला.

समोरच्या मा रासेबोत्सांचं (मा म्हणजे आई) म्हणणं वेगळं होतं. “रडणारं मूल सिंहाला करडासारखं ऐकू येतं.”

“सिंहाला गाडी म्हणजे एकच मोठा प्राणी वाटते,” ऊम फान म्हणाले. “आतली माणसं त्याला कळत नाहीत.”

“मग आतून रडणं ऐकू आलं तर?”

ऊम फान यांनी विचार केला. “तर त्याला वाटेल, मोठा प्राणी रडतोय.”

आता तुमच्या कार्यालयाकडे वळतो. झोपडीसाठी मी फोन केला तर तुमच्या बाई म्हणाल्या, तिघांची झोपडी मिळणार नाही, तुम्ही चौघे आहात. मी म्हणालो, चौथी नऊ महिन्यांची आहे, स्वतःच्या घडीच्या पाळण्यात झोपते. बाई म्हणाल्या, “पाळणा ही वस्तू आहे. बाळ ही व्यक्ती आहे.” मला हे वाक्य फार आवडलं. चार खाटांची झोपडी घेतली. मग फाटकावर तुमच्या जवानाने विचारलं, किती जण? मी ताठ मानेने सांगितलं, चार व्यक्ती. त्याने आत डोकावून पाहिलं आणि तीनच लिहिले. म्हणाला, “लहान मूल मोजत नाही.” मी पाळणा आणि व्यक्तीचा सिद्धांत त्याला समजावू लागलो, तेवढ्यात त्याला माझा संशय आला आणि त्याने गाडीत दारू शोधायला घेतली. हुनादीच्या पोटदुखीच्या औषधाची बाटली त्याने हुंगली. मग परत एकदा हुंगली. तिसऱ्यांदा हुंगताना तो थोडा सुखावलेला दिसला. मग आम्हाला आत सोडलं.

आत गेल्यावर एक शोध लागला. हुनादी चालत्या गाडीत झोपते. गाडी थांबली की उठते, आणि उठली की जगाला कळवते. आणि जंगल बघणं म्हणजे काय, साहेब? थांबणं! इंजिन बंद करून, श्वास धरून बसणं. आम्हाला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळे प्राणी चालत्या गाडीतून पाहिले. हत्ती पाहिला, तो मागे जाताना. जिराफ पाहिले, मागे जाताना. एक गेंडा तर मी फक्त आरशात पाहिला. पापा म्हणाले, “ठीक आहे. आपल्याला यांच्याशी काय करायचंय?”

पण समोरून गाडी आली की पापा थांबायला लावत. तुमच्या जंगलातली ती रीत मला एरवी फार आवडते. समोरून येणारा वेग कमी करतो, काच खाली करतो, आणि ओळख ना पाळख, विचारतो, “काय दिसलं?” मग देवाणघेवाण होते. मी तुला दोन म्हशी देतो, तू मला तरस दे. पापा मात्र प्रत्येकाला एकच विचारत, “नोको दिसला का, नोको? साळिंदर?”

लोक हसत. एका जोहान्सबर्गच्या कुटुंबाने तर गाडी बंद करून समजावलं. “काका, साळिंदर दिवसा नाही दिसत. पण पुढे जा, नदीच्या वळणावर सिंह आहेत. पाच! अगदी रस्त्याला टेकून.”

पापा नम्रपणे म्हणाले, “नको. सिंह आमचे नाहीत. ते माझ्या सुनेच्या माहेरचे.”

आणि खरोखर, नदीच्या वळणावर ते होते. पाच. डांबरावर ऊन खात पसरलेले. आणि हुनादी नुकतीच झोपली होती.

“थांबवा,” मागून मोखादी म्हणाली.

“अगं, आत्ता डोळा लागलाय तिचा.”

“हुनादीचे बाबा, गाडी थांबवा.”

मी वेग कमी केला. पाठीमागे बारीकसा हुंकार आला. तो हुंकार मी ओळखतो, त्याच्या पाठोपाठ काय येतं तेही ओळखतो. मी कडेकडेने गाडी पुढे काढली. पाचही सिंहांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

“माझ्या माहेरची माणसं रस्त्याच्या कडेला बसलीत,” मोखादी म्हणाली, “आणि माझा नवरा न थांबता निघून चाललाय.”

“परतताना थांबू.”

“परतताना ते तुमची वाट बघत बसणार आहेत का तिथे? आणि तुमच्या साळिंदरासाठी मात्र सकाळपासून दर गाडीला हात करताय.”

त्यानंतर ती बोलली नाही. साहेब, तुमच्या पुस्तकात चवताळलेल्या हत्तीपुढे काय करावं याचं एक पान आहे. सिंहाच्या देवकाची बायको मागच्या सीटवर गप्प बसली असेल तर काय करावं, याचं पान घाला.

दुपारी पापांनी हुनादीला चघळायला बिलटाँगची काडी दिली. दात येताना आमच्याकडे सगळेच सुकवलेल्या मांसाची काडी देतात, त्यात काही गैर नाही. पण वर त्यांनी भोपळ्याची पॅप, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, भरवली. आणि त्यावर अर्धं संत्रं. “नोकोला भोपळा आवडतो,” ते म्हणाले, जणू त्यामुळे हिलाही पचणार होता.

छावणीचं फाटक सूर्यास्ताला बंद होतं. सूर्य झाडांच्या शेंड्याला आला होता आणि आम्ही एका खडीच्या रस्त्यावर होतो, तेव्हा तो आवाज झाला. वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की पापांचे डोळे अधू असले तरी नाक तरुण आहे. त्यांनी लगेच काच अर्धी खाली केली.

“थांबवा,” मोखादी म्हणाली. सिंहांनंतरचा तिचा पहिला शब्द. या वेळी मी थांबवली. ओढ्याच्या एका मोरीवर, डाव्या कडेला.

तुमचा नियम: गाडीतून उतरायचं नाही. अंगाचा कुठलाही भाग बाहेर काढायचा नाही. बरोबर? बरोबर. पण आमची गाडी लहान आहे, साहेब. पुढे डावीकडे पापा, त्यांच्या मागे हुनादी, माझ्या मागे मोखादी. आणि हुनादीचा डायपर बदलणं हे एकट्या माणसाचं काम नाही, एकाने धरायचं असतं. न उतरता मागे जायचं, म्हणजे दोन सीटांच्या मधून. मी छप्पन्न किलोचा होतो तेव्हाही ते जमलं नसतं. माझा डावा पाय वायपरच्या दांड्यात अडकला. वायपर सुरू झाले. गुडघा कशावर तरी दाबला गेला आणि चारही दिवे लुकलुकू लागले. मग बूड हॉर्नवर टेकलं.

दिवे लुकलुकणारी, वायपर फिरवणारी, थांबलेली गाडी. तुमच्या जंगलात याचा अर्थ एकच होतो.

पहिली गाडी उजवीकडून येऊन थांबली. “काय दिसलं?”

मी तोवर मागे पोचलो होतो. हुनादी डाव्या खिडकीला धरून उभी होती, बाहेर बघत. तिला दोन्ही काखांत मी धरलेलं, आणि माझं तोंड नेमकं तिच्या त्या भागासमोर. मोखादी गुडघ्यांवर उलटी बसून डिकीतल्या सामानात ओले कागदी रुमाल शोधत होती. अशा वेळी माणसाने काय उत्तर द्यावं?

“काही नाही!” मी ओरडलो.

“काही नाही म्हणतोय,” दुसऱ्या गाडीतून कुणीतरी म्हणालं. “म्हणजे बिबट्याच. एकट्याने बघायचाय लेकाच्याला.”

तिसरी गाडी. चौथी. मग मोजणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या उजव्या हाताला एक मोठं मारुलाचं झाड होतं. “त्या फांदीवर! शेपूट लोंबतंय!” असा बायकी आवाज आला आणि सगळ्या दुर्बिणी उजवीकडे वळल्या. कॅमेऱ्यांचे आवाज सुरू झाले. एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, “मादी आहे.” वाळकी फांदी होती ती, साहेब. मी नंतर पाहिली.

आणि सगळे उजवीकडे बघत असताना मला खुळखुळ्याचा आवाज आला. अगदी जवळून. खळ्, खळ्, खळ्, खळ्. मी म्हणालो, “हुनादी, बाळा, तो खुळखुळा ठेव जरा खाली, बाबा घाईत आहे.”

ती रडायची थांबली होती. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या सीटवरून पापा हळूच म्हणाले, “हुनादी. ते बघ. मोरीतून. आला बघ.”

“पापा, आत्ता नको. माझे हात भरलेत.”

ते माझ्याशी बोलतच नव्हते. अर्ध्या उघड्या काचेतून खाली, गवताकडे बघत बोलत होते. घरी मोठं माणूस आलं की उठून उभं राहून बोलतात तसं. “रामराम, नोको. आम्ही लांबून आलो. ही आमची हुनादी. आमच्या मालेसेलाची. हिला बघून ठेवा.” मग थोडं थांबून, “आता ती तुम्हाला ओळखेल. मी नसलो तरी.”

हुनादी म्हणाली, “ट्टा.” आणि काचेवर हात आपटला.

मी डोकं वर काढलं तेव्हा गवत हलत होतं. फक्त गवत. पापांनी खिशातून रुमाल काढला होता.

“गेला,” ते म्हणाले. “केवढा मोठा होता रे, मालेसेला. पाठीवर काळं-पांढरं, सगळं उभं. तिने पाहिला. मी बोट दाखवलं आणि तिने बोटाच्या दिशेने पाहिलं.”

त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. मागून एका भल्यामोठ्या गाडीने हॉर्न वाजवला, पुढची हलेना, सूर्य गेला, फाटक बंद होणार म्हणून सगळे एकदम माझ्यावर ओरडू लागले. मी पुन्हा सीटांमधून पुढे आलो (वायपर, दिवे, हॉर्न), गाडी उलटी घेऊन डाव्या कडेच्या गवतात घातली, वळवली आणि सुटलो. घाण डायपर गाडीत ठेवणं अशक्य होतं आणि बाहेर टाकणं तुमच्या नियमात बसत नव्हतं. मोखादीने तो ऊम फान यांच्या शीतपेटीत बंद केला. मी कायदा पाळणारा माणूस आहे, हे यावरून कळावं.

आता तुमचा फळा.

छावणीच्या दुकानासमोर तुम्ही नकाशा लावलाय. कुणाला काय दिसलं, त्याच्या रंगीत टाचण्या. सिंहाला लाल, बिबट्याला पिवळी, हत्तीला हिरवी. साळिंदराला रंगच नाही. पापांनी तळापासून वरपर्यंत हात फिरवून टाचण्यांची डबी चाचपली, आणि मग आमच्या डब्यातल्या मटणाच्या गोळ्याची टूथपिक काढून ती, मला विचारून, बरोबर त्या मोरीच्या जागी खोचली. जरा तिरपी. साळिंदराचा काटा असतो तशी. मला ती सगळ्या टाचण्यांपेक्षा देखणी वाटली.

तुमचा हिरवा शर्ट आला. “इथे काडी कुणी खोचली?”

पापांनी शाळेत करतात तसा हात वर केला.

“कशाची काडी ही?”

“साळिंदर.”

“साळिंदराला टाचणी नसते, बाबा.”

“म्हणून तर काडी.”

आइस्क्रीमवाली पोरं हसली. हिरव्या शर्टाला ते आवडलं नाही. “कधी दिसलं?”

“मघाशी. दिवस बुडायच्या आधी.”

“साळिंदर अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही.”

“हे त्याला कुणी सांगितलंय का?” पापा म्हणाले.

आता मोठी माणसंही हसली. आणि मग, साहेब, तुमच्या माणसाने हात वर केला आणि विचारलं, “बाबा, ही किती बोटं?”

पापा बघत राहिले. “तीन,” पापा म्हणाले.

दोन होती.

त्याने काडी उपटली. “तुम्ही पाहिलंत?” हे मला.

“माझं तोंड डायपरमध्ये होतं.” खरं तेच सांगितलं. लोक पोट धरून हसले.

“बाईंनी?”

मोखादीने हुनादीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. सिंहांपासून ती माझ्याशी धड बोललेली नव्हती. “मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. “माझ्या मुलीने पाहिलं. आणि माझ्या सासऱ्यांनी दाखवलं.”

“मुलगी केवढी?”

“नऊ महिने.”

“तिला मोजत नाही.”

“झोपडीचे पैसे घेताना मोजली होतीत,” मोखादी म्हणाली. सिंह अशी गर्जना करत असतील तर मातोमेला मी आजपासून काही बोलणार नाही.

पण तुमच्या माणसाचं ठरलेलं होतं. खोटी बातमी पसरवून रस्ता अडवला, अशी त्याने माझ्या नावावर नोंद केली. ज्यांना बिबट्या दिसला नाही त्यांनी तक्रार केली होती म्हणे. आणि हे सगळं होत असताना त्या मोरीच्या जागी, माझ्या बापाच्या काडीच्या शेजारी, कुणीतरी खोचलेली पिवळी टाचणी होती. बिबट्याची! वाळक्या फांदीची! ती त्याने तशीच ठेवली. काडी मात्र उपटली, आणि फळ्यासमोर उभा राहून त्याच काडीने दात कोरले.

रात्री पापा न जेवता झोपले. घरी परतताना अर्ध्या वाटेत म्हणाले, “मालेसेला, दगड असेल कदाचित. धुक्यात दगडही चालतो.” नंतर घरी हुनादीने खिडकीबाहेर मांजर दाखवली तर त्यांनी बोट वर केलं नाही. “तूच बघ, बाळा,” म्हणाले.

मातोमे आलाच. “दाजी, साक्षीदार बघा तुमचे. एकाला डोळा नाही, एकीला दात नाहीत.” मोखादीने त्याला चहा न देता परत पाठवलं. आमच्यात मामाला चहा न देता परत पाठवणं म्हणजे काय, ते तुम्हाला समजणार नाही. त्याला समजलं.

मग ऊम फान आले. शीतपेटी मी चार वेळा धुऊन परत दिली होती, तरी ते माझ्यापासून थोडे लांब उभे राहिले. त्यांच्या हातात निघायच्या सकाळी जप्त केलेली पिशवी होती. गुलाबी पांघरूण, पिवळी बादली. आणि खुळखुळा.

मी तो हातात घेतला. “हा तुमच्याकडे होता?”

“मी सांगितलं होतं ना, जंगलात शांतता.”

“पूर्ण वेळ?”

“माझ्या कपाटात. का रे?”

मी तो हलवला. प्लास्टिकचा, चिरका आवाज. मोरीपाशी मी ऐकला तो आवाज असा नव्हता. तो कोरडा होता, पोकळ होता, सुक्या बोरूंची मोळी हलवावी तसा. मी तिथेच फाटकापाशी बसलो. ऊम फान यांना वाटलं मला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझीच गाडी मागच्या डाव्या चाकावर बसलेली दिसली. निघायच्या आदल्या दिवशी मी चारही टायर स्वतः हाताने तपासले होते. टायर हा माझा धंदा आहे, तिथे मला कुणी बोटं दाखवून विचारू नये. चाक काढलं. रबरात आरपार घुसलेला, काळा-पांढरा, बोटाएवढा तुकडा. मी तो पकडीने ओढून काढला, घरी नेला आणि पापांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही. नुसता बोटांत फिरवला, टोकापासून बुडापर्यंत. मग म्हणाले, “मातोमेला बोलाव.” आणि हुनादीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. बाहेर मांजर होती. त्यांनी बोट वर केलं.

साहेब, मातोमे येऊन गेला. काटा बघून त्याने टोपी काढली. मग सवयीने म्हणाला, “म्हणजे शेवटी पाठ फिरवूनच घातला ना टायरमध्ये?” हो. गाडी मीच उलटी घेतली होती. आमच्यात तसंच करतात.

आता तुमच्याकडे येतो, उलटाच. तुमच्या पुस्तकात लिहिलंय की जंगलातली कुठलीही वस्तू, पान, दगड, पीस, काटा, बाहेर नेणं हा गुन्हा आहे. मी उतरलो नाही. वाकलो नाही. उचललं काही नाही. काटा माझ्या चाकात बसून तुमच्या फाटकातून बाहेर आला, आणि तुमच्या ज्या जवानाने औषधाची बाटली तीनदा हुंगली त्याने चाक एकदाही पाहिलं नाही. हा काटा मी तुमच्या टेबलावर आणून ठेवला तर मी चोर. नाही ठेवला तर माझा बाप खोटा. दोन्हींतलं काय ते तुम्ही ठरवा, आणि ठरवेपर्यंत फळ्यावरची ती पिवळी टाचणी काढा.

माझी मुलगी व्यक्ती आहे की नाही, हेही एकदा लेखी सांगा. ती साक्ष द्यायला तयार आहे. तिला आता दोन दात आले आहेत.

पुढचा हिवाळा लांब नाही. पापांना तोवर फळ्यावरची काडी बघायची आहे. कधी लावताय?